पाऊच उत्तम, दुकानदाराचा सल्ला मात्र ऐकू नका

मे महिन्यात लेकीकडे मेलबर्नला एकटीच गेले. तिच्यासाठी नाशिकची रेड वाईन न्यायची होती, म्हणून रविवार पेठेतल्या बॅगांच्या एका दुकानातून बाटल्यांचे पाऊच घेतले. आतून बबलचा थर, तोंडाशी दुहेरी झिप, वर वेलक्रोची घडी. चारचा सेट ६०० रुपयांना.

नुसत्या बोलण्यावर भरवसा नको, म्हणून सॉसच्या बाटलीत बीटाचं पाणी भरलं, झाकण मुद्दाम सैल ठेवलं आणि रोज रात्री एकेक पाऊच पांढऱ्या पंचावर उलटं ठेवलं. तीन कोरडी ठणठणीत. चौथ्याच्या झिपेच्या कोपऱ्यातून गुलाबी डाग उतरला. दुकानदाराने बिलसुद्धा न मागता ते बदलून दिलं, याचं कौतुक आहे.

पण वर म्हणाला, "काकू, चारही न्या, तिकडे कोण मोजतंय!" हे मला अजिबात पटलं नाही. ऑस्ट्रेलियात १८ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला २.२५ लिटर मद्य ड्यूटी न भरता नेता येतं. म्हणजे ७५० मिलीच्या बरोबर तीन बाटल्या. चौथी नेली, तर ड्यूटी एकट्या चौथीवर नाही, चारही बाटल्यांवर बसते. उतरण्याआधी भरायच्या कार्डावर २२५० मिलीचा प्रश्न सरळ छापलेला असतो, तिथे खोटी खूण कशाला करायची? शिवाय दर देशाचं माप वेगळं. थायलंडला एकच लिटर, जपानला ७६० मिलीच्या तीन बाटल्या, आपल्याकडे परत येताना दोन लिटर. गिऱ्हाईक कुठे निघालंय हे न विचारता असला सल्ला देऊच नये.

मी तीनच नेल्या, चेक-इन बॅगेत साड्यांच्या मधोमध. हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरची बाटली सिक्युरिटीलाच काढून घेतात. वजनाचा हिशेब आधी करा, तीन भरल्या बाटल्या म्हणजे चार किलोच्या आसपास. मेलबर्नला अधिकाऱ्याने माझं मेतकूट आणि गोडा मसाला उघडून पाहिला, कार्डावर लिहिलं होतं म्हणून काही अडलं नाही. घरी लेकीने झिप उघडली, तर लेबलचा कोपरासुद्धा दुमडला नव्हता. तिचा चेहरा बघून सगळा खटाटोप सार्थकी लागला.

परतताना दोन पाऊचमध्ये तिकडची वाईन आणली, तिसऱ्यात ऑलिव्हचं तेल. एकाचं वेलक्रो आता सुटायला लागलंय, झिप अजून घट्ट आहे. पाचपैकी चार तारे.