‘स्टिल लाइफ’: समोरच्या बिल्डिंगमधला माणूस

एक बाई घरात एकटीच असताना वारलीये. तिच्या खोलीत एक माणूस उभाय, उशीवर तिच्या डोक्याचा खळगा अजून तसाच आहे, क्रीमच्या डबीत बोटाने क्रीम काढल्याची खूण आहे. तो काही बोलत नाही, रडत नाही, नुसता बघतो, फोटो वगैरे गोळा करतो आणि निघतो. पिक्चर सुरू होऊन पाच-दहा मिनिटं झाली असतील आणि माझ्या पोटात कालवाकालव झाली ती शेवटपर्यंत.

तर ‘स्टिल लाइफ’, २०१३ चा ब्रिटिश पिक्चर, जेमतेम दीड तासाचा. दिग्दर्शक उबेर्तो पासोलिनी, मूळचा इटलीचा, ‘द फुल मॉन्टी’ या गाजलेल्या ब्रिटिश कॉमेडीचा प्रोड्यूसर तोच. व्हेनिस फेस्टिव्हलमध्ये ओरिझोन्ती या नव्या धाटणीच्या सिनेमांच्या विभागात याला बेस्ट डिरेक्टर मिळालं होतं. एवढं असूनही आपल्याकडे फारसं कुणी बघितलेला दिसत नाही म्हणून हे लिहितेय.

जॉन मे हा दक्षिण लंडनमधल्या कौन्सिलचा कर्मचारी, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेतला माणूस. काम काय, तर एकटं राहून वारलेल्या लोकांचे नातेवाईक शोधायचे, कुणीच सापडलं नाही तर अंत्यविधी करायचा. हे सिनेमासाठी रचलेलं नाहीये बरं का, इंग्लंड-वेल्समध्ये १९८४ च्या एका कायद्याने ती कौन्सिलची जबाबदारीच आहे, आणि पासोलिनीने असं काम करणाऱ्या एका अधिकाऱ्याची पेपरातली मुलाखत वाचली, मग अशा लोकांबरोबर फिरला आणि त्यातून ही गोष्ट आली.

पण जॉन नियमापुरतं काम करत नाही. मेलेल्या माणसाच्या घरातली कॅसेट, कपडे, पत्रं बघून तो त्याच्यासाठी भाषण लिहितो, धर्म कुठला ते शोधून तसा विधी ठरवतो, गाणं निवडतो, आणि मग त्या चर्चमध्ये पाद्री आणि हा, बास, तिसरं कुणी नाही. २२ वर्षं हेच. आपल्याकडे पेपरात कोपऱ्यात बातमी असते ना, ‘बेवारस मृतदेह’, आपण वाचतो आणि पान उलटतो. हा माणूस तो एक शब्द मान्यच करत नाही, आणि अख्खा पिक्चर त्या एका हट्टावर उभाय.

स्वतः जॉनही एकटाच. संध्याकाळी घरी येतो, छोट्या टेबलावर नीट मांडून टूनाचा डबा आणि टोस्ट खातो, आणि मग अल्बममध्ये त्या गेलेल्या लोकांचे फोटो चिकटवतो, जसे आपण घरच्यांचे लावू तसे. जॉनच्या भूमिकेत एडी मार्सनने हे जे केलंय त्याला तोड नाही. चेहरा जवळजवळ हलत नाही, पण फोटोच्या कडेवरून ज्या हळुवारपणे बोट फिरतं त्यात सगळं कळतं. कुठेही ‘बघा मी किती दुःखी’ असं नाही.

मग एक दिवस केस येते बिली स्टोकची. दारुडा, एकटाच राहायचा, मेल्यावरही लवकर कुणाला कळलं नाही. आणि हा बिली राहायचा कुठे, तर जॉनच्या घरासमोर! खिडकीतून खिडकी दिसेल इतक्या जवळ. २२ वर्षं गावभरच्या एकट्या लोकांची काळजी करणाऱ्या माणसाला समोरचा माहीत नव्हता. हे कळतं तेव्हा म्युझिक वाढत नाही, क्लोजअप नाही, पण मी तिथे पॉज करून पाच मिनिटं तशीच बसले. आमच्या जिन्यासमोरच्या फ्लॅटमधले काका मला फक्त दाराला लटकणाऱ्या दुधाच्या पिशवीवरून माहीत आहेत, त्यांचं आडनावसुद्धा पाटीवर वाचलेलं.

नेमका तेव्हाच ऑफिसमध्ये काटकसर सुरू होते आणि जॉनला नारळ मिळतो. साहेबाचं म्हणणं असं की अंत्यविधी जिवंत माणसांसाठी असतात, कुणी येणारच नाही तर एवढा खटाटोप कशाला. जॉन म्हणतो ही शेवटची केस पूर्ण करू द्या, आणि गावोगाव बिलीची माणसं शोधत निघतो. ‘पाय’ (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) बनवणाऱ्या कारखान्यात बरोबर काम केलेला, फॉकलंडच्या युद्धातला मित्र, समुद्रकाठी मासे तळून विकणारी जुनी मैत्रीण, फुटपाथवर राहणारे दोघं, आणि बिलीची केली (Kelly) नावाची मुलगी. इथे पिक्चर हळूहळू उजळतो, आधी सगळं करडं-निळं होतं त्यात रंग यायला लागतात, लक्ष देऊन बघा. रेचल पोर्टमनचं संगीतही तसंच, जेवढ्यास तेवढं.

नावाबद्दल एक सांगायचंय. स्टिल लाइफ म्हणजे स्थिरचित्र, ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला आपण काढायचो ना, तांब्या, दोन कांदे, मागे चादर. या पिक्चरमधल्या गेलेल्या माणसांच्या खोल्या अगदी तशा दाखवल्यात, कॅमेरा हलत नाही, वस्तू जागच्या जागी, फक्त वापरणारा नाही.

खटकलेलं पण सांगते. तो साहेब फारच एकसुरी खलनायक झालाय, माणूस म्हणून उभाच राहत नाही. केलीला अजून वेळ द्यायला हवा होता, जोआन फ्रॉगट इतकी छान करते की ती पडद्यावरून गेली की चुकचुकल्यासारखं होतं. आणि शेवटाकडे जे वळण येतं ते पहिल्यांदा मला घाईघाईत उरकल्यासारखं वाटलं, रागच आला. काय होतं ते सांगणार नाही, पण त्यानंतरची शेवटची दोन मिनिटं अजिबात सोडू नका, नावं यायला लागली तरी उठू नका.

संथ आहे, हे आधीच सांगते. मोबाईल हातात घेऊन बघणार असाल तर लावूच नका, कारण अर्धी गोष्ट टेबलावरच्या वस्तूंमध्ये आहे. सबटायटल लावा, रात्री लावा, आणि शक्यतो आईबाबांबरोबर बघा, मी एकटीने बघितला आणि संपल्यावर पावणेबारा वाजता आईला फोन केला, ती घाबरून म्हणाली काय गं, काय झालं?