पायपर कबसाठी रेडिओ-इंटरकॉम संच: विकतचा आयकॉम ए२५ आणि घरी बांधलेला डबा

पायपर जे-३ कबमध्ये वीज नाही. बॅटरी नाही, जनरेटर नाही, ६५ अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन हाताने पंखा फिरवून सुरू करायचं. त्यामुळे या विमानात रेडिओ म्हणजे हातात मावणारा रेडिओ. पुढे-मागे बसलेल्या दोघांना एकमेकांशी बोलायचं असेल तर इंटरकॉमही स्वतःच्या सेलवर चालणारा हवा. अमेरिकेत कब, एरोंका चॅम्प आणि त्या पिढीची बरीच विमानं आजही अशीच उडतात. इथे परीक्षण आहे ते अशा पूर्ण संचाचं: आयकॉम आयसी-ए२५ रेडिओ, त्याच कंपनीचं हेडसेट अडॅप्टर आणि या दोघांमध्ये बसणारा, घरी बांधलेला इंटरकॉमचा डबा.

निकाल आधीच सांगतो. रेडिओ उत्तम आहे, पण संच चालणार की डोकेदुखी होणार हे ठरतं डब्यावर आणि अँटेनावर. महागडं मॉडेल घेण्यात जो पैसा जातो तो बाहेरच्या अँटेनावर आणि चांगल्या शील्डेड (वरून धातूची जाळी असलेल्या) वायरवर घालवा.

ट्रान्समीटर मात्र घरी बांधू नका. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या विमानपट्ट्यात एएम पद्धतीने बोललं जातं, चॅनेल २५ किलोहर्ट्झवर असतात (युरोपात ८.३३ वर), आणि सरकलेली किंवा गढूळ लहर शेजारच्या चॅनेलवरच्या टॉवरला त्रास देते. अमेरिकेत या पट्ट्यातला ट्रान्समीटर एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) प्रमाणित केलेलाच लागतो. भारतात तर असा रेडिओ बाळगायला आणि वापरायलाही डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या बिनतारी संदेशवहन विभागाची) परवानगी लागते, बोलणाऱ्याकडे परवाना लागतो तो वेगळाच. अमेरिकेतून येताना बॅगेत टाकून आणायची ही वस्तू नाही.

ए२५ दोन रूपांत मिळतो. 'एन'मध्ये व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओकेंद्रावरून) दिशादर्शन, जीपीएस आणि ब्लूटूथ आहे. 'सी' नुसता बोलण्या-ऐकण्याचा. दोन्हींची शक्ती सारखीच: ६ वॅट पीईपी (बोलताना गाठली जाणारी कमाल शक्ती), म्हणजे कॅरियर (आवाज नसतानाची मूळ लहर) १.८ वॅट. या संचासाठी 'सी' घ्या. ब्लूटूथ दोन माणसांचा इंटरकॉम होत नाही, आणि केबिनमधल्या आखूड रबरी अँटेनावर व्हीओआरची सुई भरवशाची राहत नाही. रेडिओत आवडण्यासारखं बरंच आहे. अँटेनाला बीएनसी जोड आहे, म्हणजे बाहेरच्या अँटेनाची केबल पाव फेरीत लागते. १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीसाठी वेगळी कळ आहे. भर उन्हात पडदा वाचता येतो. चार्ज होणारी बॅटरी संपली तर एए सेलचा डबा लावता येतो. तो सोबत घ्याच. साइडटोनची सोय आहे, म्हणजे बोलताना स्वतःचा आवाज हेडसेटमध्ये येतो. डबा बांधताना याच साइडटोनकडे पुन्हा वळावं लागतं.

डब्याची मूळ कल्पना अशी: रेडिओच्या बाजूने तो हेडसेटसारखा दिसला पाहिजे. कंपनीच्या अडॅप्टरला दोन मादी सॉकेट असतात, ऐकण्याचं ६.३५ मिलिमीटरचं आणि माइकचं ५.२३ मिलिमीटरचं. डब्यातून त्यांत बसणारे पीजे-०५५ आणि पीजे-०६८ प्लग बाहेर काढायचे. रेडिओ उघडायचा नाही, त्याच्या कळीच्या वायरिंगशी खेळायचं नाही. इंटरकॉम बिघडला तर वैमानिक डबा बाजूला टाकून हेडसेट थेट अडॅप्टरला लावू शकतो.

माइकच्या प्लगवर टोक म्हणजे पीटीटी (बोलताना दाबायची कळ), मधलं कडं म्हणजे आवाज, बुंधा म्हणजे अर्थ. टोक आणि कडं उलटं जोडलं तर माइकचा प्रवाहच पीटीटीची वायर खाली ओढतो आणि रेडिओ कळ न दाबता प्रक्षेपण करू लागतो. फ्रिक्वेन्सीवर बाकी कुणाला बोलता येत नाही. म्हणून प्लग जोडला की आधी मल्टिमीटर लावून तिन्ही वायर तपासा. मगच रेडिओ.

आता आतलं. विमानाच्या हेडसेटमधल्या माइकला बाहेरून वीज लागते. ९ व्होल्टमधून आधी १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅराडची गाळणी, मग प्रत्येक माइकला स्वतंत्र ४७० ओहम. लष्करी जुन्या बाजारातले डायनॅमिक माइक आणि हेलिकॉप्टरचे एकाच प्लगचे हेडसेट इथे चालणार नाहीत. दोन्ही माइकचा आवाज टीएल०७२ या ऑप-अँप चिपच्या एका भागात मिसळायचा: प्रत्येकाला १० किलोओहम, फीडबॅकलाही १० किलोओहम, म्हणजे वाढ एकपट. माइक मुळातच भरपूर आवाज देतात. रेडिओचा आवाज त्याच मिक्सरला ४७ किलोओहममधून द्या, नाहीतर टॉवर बोलला की मिक्सर फाटतो. पुढे १० किलोओहमचा व्हॉल्यूम आणि एलएम३८६ ही आवाज वाढवणारी चिप. तिचे १ आणि ८ क्रमांकाचे पाय मोकळे ठेवा. सर्किटच्या बऱ्याच नकाशांत तिथे १० मायक्रोफॅराड लावून वाढ २० वरून २०० केलेली असते. विमानात त्याने फक्त सूं-सूं वाढते. बाहेर पडताना २२० मायक्रोफॅराड, आउटपुटवर अर्थकडे १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅराडची जोडी, आणि प्रत्येक हेडसेटला वेगळा ३३ ओहम. एका हेडसेटची वायर तुटून शॉर्ट झाली तरी दुसरा माणूस बहिरा होत नाही, एवढ्यासाठी हे ३३ ओहम.

माइकच्या वाटेतला कपॅसिटर निवडताना घाई करू नका. सवयीने १ मायक्रोफॅराड लावला जातो. १० किलोओहमसोबत ०.०४७ लावलात तर साधारण ३४० हर्ट्झच्या खालचं बरंचसं कमी होतं. कबचं चार सिलिंडरचं इंजिन २३०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ७७ ठोके देतं आणि दोन पात्यांचा पंखाही तेवढेच. ती घरघर बरीचशी गळते आणि बोलणं शाबूत राहतं. काही पैशांच्या एका भागाने एवढा फरक पडणारी दुसरी जागा या डब्यात नाही.

रेडिओला जाणारा माइकचा आवाज मिक्सरच्या आधी काढा. मिक्सरनंतर काढला तर रेडिओचा साइडटोन मिक्सरमध्ये येतो, तिथून परत रेडिओच्या माइकमध्ये जातो, आणि कळ दाबताच शिट्टी. बरेच घरगुती डबे इथेच फसतात आणि दोष बिचाऱ्या रेडिओला लागतो. बरोबर वाट अशी: वैमानिकाच्या माइकवरून १० मायक्रोफॅराड, मग १ किलोओहमचा ट्रिमपॉट (पेचकसाने फिरवायचा छोटा व्हॉल्यूम), मग पीटीटी कळीचा दुसरा पोल, मग रेडिओ. कळ दोन पोलची, म्हणजे एका दाबात दोन वेगळ्या वायरी जोडणारी घ्यायची. पहिला पोल पीटीटीची वायर अर्थला टेकवतो. डब्यातून स्वतःचा आवाज येतच असतो, म्हणून रेडिओचा साइडटोन बंद ठेवा, नाहीतर दोन्ही मिळून आवाज नको इतका मोठा होतो.

चार पोलचा टॉगल स्विच ही या डब्यातली दुसरी न टाळण्यासारखी गोष्ट. चालू असताना माइक आणि हेडफोन इंटरकॉमला. बंद केला की एक पोल वैमानिकाचा माइक थेट रेडिओला देतो, दुसरा हेडफोन थेट रेडिओला, तिसरा ट्रिमपॉटची वाट तोडतो, चौथा सेल तोडतो. सेल संपले तरी एका बोटात टॉवर परत ऐकू येतो. रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून हे आपोआप करता येतं, पण रिले सतत प्रवाह खातो, स्विच बरा.

आवाज ओळखून माइक आपोआप उघडणारं सर्किट बसवू नका. दार उघडं ठेवून कब उडवला की वाऱ्याचा आवाज बोलण्याइतकाच मोठा होतो. सर्किट एकतर सतत उघडं राहतं, नाहीतर प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर गिळतं. 'डावीकडे' मधला 'डा' गेला की काय उरतं? त्याऐवजी पुढच्या माणसाच्या माइकला साधा स्विच द्या. बोलायचं असेल तेव्हा चालू, एरवी बंद. पीटीटी फक्त वैमानिकाला.

सर्वांत जास्त त्रास रेडिओलहरींचा. कळ दाबली की हेडसेटमध्ये गुरगुर किंवा स्वतःचाच घोगरा, तुटका आवाज येतो, कारण एलएम३८६ आणि टीएल०७२ ती एएम लहर पकडून तिचा आवाज करतात. उपाय ठरलेले आहेत, पण ते सगळे एकदम करावे लागतात. डबा ओतीव ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकचा नकोच. प्रत्येक जॅकच्या पायावर १ नॅनोफॅराडचा सिरॅमिक कपॅसिटर, त्याचे पाय दोन-तीन मिलिमीटरपेक्षा लांब नकोत. लांब पाय या लहरींना अडवत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक केबलवर डब्यालगत रेडिओलहर गिळणारी फेराइटची क्लिप. माइकच्या वायरचं शील्ड फक्त डब्याच्या टोकाला अर्थ करा. डबा विमानाच्या लोखंडी नळ्यांना टेकू देऊ नका, कापडी पिशवीत ठेवा. एवढं करूनही गुरगुर राहिली तर अँटेना जवळ आहे. रबरी अँटेना डब्यापासून मीटरभर लांब गेली की बहुतेक वेळा गुरगुर थांबते.

त्यामुळे बाहेरची अँटेना हा चैनीचा भाग नाही. कबचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि वर कापड. आत ठेवलेली रबरी अँटेना त्या पिंजऱ्यातून कशीबशी बोलते. पाव तरंगलांबीची काठी १२७ मेगाहर्ट्झला साधारण ५६ सेंटिमीटर येते. कापडी विमानात तिच्या खाली लागणारा धातूचा पत्रा नसतो, म्हणून तळाशी पत्र्याची चकती आणि तिच्यापासून चार दिशांना तेवढ्याच लांबीच्या पट्ट्या. केबल आरजी-५८ चालते. दोन-तीन मीटरला जेमतेम अर्धा डेसिबल जातो. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती परत येण्याचं माप) २ च्या आत आला की थांबा: २ ला ११ टक्के शक्ती परत येते, ३ ला २५ टक्के. प्रमाणपत्र असलेल्या विमानावर अँटेना कायमची बसवणं हा विमानातला बदल ठरतो. ते काम परवानाधारक मेकॅनिककडूनच.

रेडिओत एकसारखी टिकटिक येत असेल तर डब्याला दोष देण्याआधी मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं) एकेक करून बंद करून बघा. टिकटिक बदलली तर प्रज्वलनाच्या उघड्या वायरी कारण आहेत, आणि त्याला शील्डेड हार्नेस व शील्डेड स्पार्क प्लग हाच इलाज.

चाचणी टेबलावर करा, अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (लहर हवेत न सोडता शक्ती पचवणारा रोध) लावून. दुसरा रिसीव्हर शेजारी ठेवा, बोला आणि टॉगल चालू-बंद करा. थेट हेडसेटचा आणि डब्यातून जाणारा आवाज सारखा येईपर्यंत ट्रिमपॉट फिरवा. जास्त ठेवलात तर लहर शंभर टक्क्यांच्या वर मोड्युलेट होते आणि टॉवरला तुमचं बोलणं फाटकं ऐकू येतं, जे तुम्हाला स्वतःला कधीच कळत नाही. १२१.५ वर चाचणी कधीच नको.

वीज सहा एए सेलची. पूर्ण डबा साधारण ३० मिलिअँपिअर घेतो. चौकोनी ९ व्होल्टच्या सेलवरही तो चालतो, पण थंडीत तो सेल लवकर बसतो, आणि ७ व्होल्टच्या खाली आवाज चिरका होऊ लागतो. रेडिओची बॅटरी आणि डब्याचे सेल वेगळेच ठेवा.

एलएम३८६, टीएल०७२, ट्रिमपॉट, फेराइट हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतं. विमानी माइकचा ५.२३ चा जॅक तिथे शोधत बसू नका, तो विमानाचं सामान विकणाऱ्याकडूनच मागवावा लागतो. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर तयार पोर्टेबल इंटरकॉम घ्या आणि वरचा अँटेनाचा भाग तेवढा अमलात आणा. फायद्याचा मोठा वाटा तिथेच आहे.

विमानात मांडणी करताना पीटीटीची कळ वेल्क्रोने विमान वळवायच्या दांड्यावर बांधा, वायर दांड्याच्या खालून सैल वळण देऊन आणा. एकट्याने उडताना कब मागच्या सीटवरून उडवतात, म्हणून डबा आणि रेडिओ मागच्या माणसाच्या हाताशी हवेत. पुढच्याला दीड मीटरची लांबवणी केबल पुरते. सगळं जोडून झाल्यावर दोघांनी बसून दांडा चारही टोकांना पूर्ण फिरवा, पेडल शेवटपर्यंत दाबा, टाचेचे ब्रेकही. कुठलीही वायर ताणली गेली किंवा कशाला अडकली तर तिचा मार्ग बदला आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवून बघा.