कृष्णधवल फोटोंची घरच्या घरी छपाई: पी७०० आठ महिने वापरल्यावर

वडिलांनी काढलेल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून छापायच्या होत्या, म्हणून आठ महिन्यांपूर्वी एपसनचा शुअरकलर पी७०० हा फोटो प्रिंटर घेतला. त्याआधी एका लॅबमधून आजीचा फोटो छापून आणला होता. नऊवारीच्या निऱ्यांमधल्या सावल्या हिरवट आल्या होत्या. फोटो भिंतीवर लावायचं मनच होईना.

या प्रिंटरमध्ये दहा शाया आहेत, पण कृष्णधवल फोटोचा भार मुख्यतः तिघींवर असतो: काळी, करडी आणि फिकी करडी. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'ॲडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू' हा कृष्णधवल मोड निवडला की रंगीत शाई फक्त छटेपुरती, चिमूटभर पडते. तोच फोटो मी साध्या रंगीत मोडमध्येही छापून पाहिला. ट्यूबलाइटखाली एक रंग आणि खिडकीपाशी दुसराच! करडा रंग रंगीत शायांतून बनवला की असं होऊ शकतं.

पण खरी मेहनत पुढे आहे. छटेसाठी 'न्यूट्रल' (ना पिवळसर, ना निळसर) निवडलं म्हणजे फोटो न्यूट्रल दिसेलच असं नाही, कारण कागदाला स्वतःचा रंग असतो. पांढऱ्याशुभ्र लस्टर (अर्धचकचकीत) कागदात शुभ्रता वाढवणारी रसायनं असतात, त्यामुळे दिवसाच्या उजेडात आजीचे पांढरे केस निळसर दिसायचे. ड्रायव्हरमध्ये छटा ठरवायला रंगचकती असते, तिच्यावरचा बिंदू मध्यापासून पिवळ्या-लालसर बाजूला अगदी किंचित सरकवला, तेव्हा ते केस केसांसारखे दिसले. हानेम्यूले कंपनीचा फोटो रॅग ३०८ हा कागद सुती आहे आणि मुळातच उबदार, म्हणजे किंचित पिवळसर, त्यावर चकतीला हातही लावावा लागला नाही. 'सेपिया' ही तपकिरी छटा मात्र मला पटली नाही. चेहऱ्यावर चहा सांडल्यासारखं वाटतं.

काळपटपणाचंही तसंच. पहिले पाच-सहा प्रिंट गडद आले. दोष माझ्या स्क्रीनचा होता, ब्राइटनेस फार वर होता. तो उतरवला, टोन 'डार्कर'वरून 'डार्क'वर आणला आणि काठपदरावरची वेलबुट्टी उमटली. या मोडमध्ये छापण्याआधी स्क्रीनवर खात्रीचा अंदाज मिळत नाही. म्हणून मी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी आणि शेजारी फोटोचाच बोटभर रुंद तुकडा आधी छापतो. शेवटच्या तीन काळ्या पायऱ्या वेगळ्या ओळखू आल्या, तरच पूर्ण कागद घालतो. निवाडा दुसऱ्या दिवशी सकाळी, शाई पूर्ण वाळल्यावर, आणि फोटो जिथे लागणार त्याच भिंतीपाशी करतो.

खर्च आहे, हे लपवत नाही. शाईच्या टाक्या फक्त २५ मिलीच्या आणि सुती कागद महाग. त्यामुळे पट्टी न छापता थेट मोठा प्रिंट काढणं परवडत नाही.

पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या दमट हवेत कागदाच्या कडा वळतात आणि शाई सोडणारं हेड त्यांना घासून काळा ओरखडा उठतो. असा एक मोठा प्रिंट माझा वाया गेला. आता कागद पिशवीतून ऐनवेळी काढतो, कडा उलट्या बाजूला हलक्या हाताने वळवून सपाट करतो आणि चकतीचे आकडे, टोन, कागद असं सगळं प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवतो.