पाच हजारांचा ‘सर्व्हायव्हल’ संच आणि आमचा पूरपट्टा

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने यंदा मे महिन्यात आमच्यासाठी एक मोठे खोके धाडले. त्यात काळपट हिरव्या रंगाची पाठीवरची बॅग होती आणि बॅगेत ‘बहात्तर तास जगण्यासाठी लागणारे सर्व काही’ असल्याचा दावा विक्रेत्याने केला होता. किंमत ४,९९९ रुपये. आमचे गाव कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगेच्या पाण्याच्या टप्प्यात येते, त्यामुळे मुलाच्या काळजीत चूक काहीच नव्हते. जून ते ऑगस्ट हे तीन महिने मी त्यातील प्रत्येक वस्तू वापरून पाहिली. यंदा पाणी मळीतून, म्हणजे नदीकाठच्या शेतांतून, रस्त्याला लागले आणि परत फिरले, घरात आले नाही. म्हणून परीक्षा खऱ्या पुरात झालेली नाही हे आधीच सांगतो. मात्र २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन पूर या घरात काढल्यामुळे कोणती वस्तू कोणत्या क्षणी हाताशी लागते, याचा अंदाज मला आहे.

प्रथम बॅग. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द तिच्यावर तीन ठिकाणी छापला आहे. मी ती कोरड्या वर्तमानपत्रांनी भरून पन्हाळीच्या धारेखाली वीस मिनिटे टांगली, तर चेनच्या बाजूची सगळी पाने भिजली. शिवण मजबूत आहे, पट्टे रुंद आहेत आणि वजन खांद्यावर नीट बसते, एवढे श्रेय तिला द्यायला हवे. पण सातबारा, पासबुक, रेशनकार्ड आणि मुलींची शाळेची कागदपत्रे जिच्यात ठेवायची, तिच्यात पाणी शिरत असेल तर बाकी गुणांचे काय करायचे? आमच्या घरात २००५ नंतर कागद घट्ट झाकणाच्या दुधाच्या कॅनमध्ये ठेवतात, आणि २०१९ मध्ये तो कॅन दोन दिवस पाण्यात राहूनही आतले पान ओले झाले नव्हते.

संचातील सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे हाताने फिरवून चालणारा टॉर्च आणि त्याला जोडलेला रेडिओ. एक मिनिट मूठ फिरवली की टॉर्च पुरेसा वेळ जळतो, आणि एफएमवर आकाशवाणी कोल्हापूर आमच्याकडे स्पष्ट लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि कोयनेतून किती क्युसेक सोडले, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हे कळायला मार्गच उरला नाही, तेव्हा शेजारच्या घरातील एका जुन्या ट्रान्झिस्टरभोवती अर्धी गल्ली जमत असे. त्या अनुभवानंतर असा रेडिओ घरोघरी असावा असे माझे मत आहे. मोबाइल चार्ज करण्याची सोयही त्यात दिली आहे, पण दहा मिनिटे मूठ फिरवून माझा मोबाइल जेमतेम एक टक्का चढला.

शिटी चांगली आहे. लहान, मोठ्या आवाजाची, गळ्यात अडकवता येणारी. रात्री पाण्यातून हाक मारली तर ती पावसात विरते, शिटी विरत नाही. चंदेरी पातळ पांघरूण पाहून मी आधी हसलो होतो, पण भिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोरडे करून त्यात गुंडाळले तर अंगाची ऊब टिकते, हे घरातच पडताळून पाहिले.

आता पाणी गाळण्याची नळी. ती थेट ओढ्यात बुडवून तोंडाने पाणी ओढायचे, अशी पुस्तिकेतील सूचना आहे. अशा नळीतील पोकळ तंतूंची गाळणी जिवाणू अडवते, विषाणू मात्र तिच्यातून निसटतात आणि पाण्यात विरघळलेली कीटकनाशकेही. ज्या पुरात शौचालयांच्या टाक्या, गोठे, खतांची गोदामे आणि साखरपट्ट्यातील फवारणीचे डबे एकत्र वाहत असतात, त्या पुराचे पाणी नळी लावून पिणे म्हणजे काविळीला आमंत्रण देणे होय. पुराआधीच दोनशे लिटरचे झाकणाचे पिंप भरून माडीवर ठेवणे, त्यानंतर मिळेल ते पाणी उकळून किंवा मेडिक्लोर या क्लोरीनच्या औषधाचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून पिणे, आणि विहिरीत ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकेपर्यंत तिला हात न लावणे, हे आमच्याकडे आरोग्यसेविका दरवर्षी सांगत आली आहे. नळीची किंमत संचाच्या जवळजवळ चौथा हिस्सा असावी, कारण विक्रेता ती सुटीही विकतो.

सर्वांत गंभीर आक्षेप साप चावल्यावर विष ओढून काढणाऱ्या पिवळ्या पंपाबद्दल आहे. पूर आला की साप कोरडी जागा शोधत घरात, माळ्यावर, कडब्याच्या गंजीत शिरतात. त्यामुळे आमच्याकडे हा धोका खराच आहे आणि नेमकी याच धोक्यावर दिलेली वस्तू निरुपयोगी, किंबहुना घातक आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिसर्पविष लस रुग्णालयात मिळते आणि तोच उपाय आहे. विष ऊतींमध्ये पसरायला वेळ घेत नाही; पंपाने ते बाहेर येत नाही, उलट चावलेल्या जागेची कातडी अधिक दुखावते आणि पंप लावण्यात दवाखान्याचा वेळ जातो. माणसाला शांत ठेवावे, चावलेला भाग हलू देऊ नये, करकचून आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, १०८ ला फोन करावा आणि रस्ता बंद असेल तर लस असलेल्या रुग्णालयापर्यंत बोटीची सोय करावी. पुस्तिकेत यांपैकी एकही ओळ नाही.

दोरी म्हणून संचात मनगटाला बांधायचे विणलेले कडे दिले आहे. ते उसवले तर तीन मीटर दोरी निघते. तीन मीटर दोरीत एक म्हैस धड बांधता येत नाही, आणि पूरपट्ट्यात दोरीचे पहिले काम म्हशीचेच असते. २०१९ मध्ये कितीतरी कुटुंबे घर सोडायला शेवटपर्यंत तयार झाली नाहीत, त्यामागे जनावरे हे मोठे कारण होते. माझे वडीलही तीन म्हशी दाव्याला असेपर्यंत उंबऱ्याबाहेर आले नाहीत, आणि आम्ही बाहेर पडलो तेव्हा गल्लीत छातीएवढे पाणी होते. बहात्तर तासांच्या या संपूर्ण कल्पनेत जनावर नाही, वैरण नाही, पेंडीचे पोते नाही. संच घेणारा माणूस एकटा, तरुण आणि धट्टाकट्टा आहे असे गृहीत धरलेले दिसते. त्याच्या घरात इन्सुलिन घेणारी आई नाही, पाळी येणाऱ्या मुली नाहीत, तान्हे मूल नाही. प्रथमोपचाराच्या डबीत बारा प्रकारच्या पट्ट्या आहेत आणि ओआरएसचे एकही पाकीट नाही.

खाण्यासाठी पिवळसर वड्या दिल्या असून त्या पाच वर्षे टिकतात असे वेष्टनावर लिहिले आहे. चव साखर घातलेल्या ओल्या पिठासारखी लागते. नातवाने एक वडी खाऊन दुसरी नाकारली. जयसिंगपूरचे भडंग, भाजलेले शेंगदाणे, गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि दोन दिवसांच्या कडक भाकरी एवढे हवाबंद डब्यात ठेवले तर पाच माणसांचे तीन दिवस निघतात, आणि पूर आला नाही तर तेच पदार्थ श्रावणात खाऊन संपतात.

आता मास्क आणि गोळ्यांकडे येतो, कारण खोक्याचा खरा स्वभाव तिथे कळतो. संचात रबरी गॅस मास्क आहे आणि किरणोत्सर्गापासून रक्षण करणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या आहेत. या गोळ्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून फक्त थायरॉइड ग्रंथीला वाचवतात, आणि त्याही शासनाने सांगितल्यावर, सांगितलेल्या वेळीच घ्यायच्या असतात. आमच्यापासून कर्नाटकातील कैगा अणुवीज केंद्र सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर आहे. नदी घरापासून चारशे पावलांवर आहे. मास्कच्या गाळणीवर ती कोणत्या वायूसाठी आहे हे छापलेले नसल्यामुळे तो द्राक्षबागेतील फवारणीलाही वापरण्याचे धाडस मी केले नाही.

सोबतची चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका मी दोनदा वाचली. तिच्यात घरातील धान्य शेजाऱ्यांना दिसू देऊ नका, संकटात ओळखीचा माणूसही लुटारू होतो, रात्री दिवा लावू नका, अशा सूचना पानोपानी आहेत. बहात्तर तासांची मूळ कल्पना शहाणपणाची आहे: मदत पोचेपर्यंत तीन दिवस घराने स्वतःच्या बळावर तग धरावा, असे अमेरिकेतील आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा नागरिकांना सांगत आल्या आहेत. पण त्याच देशात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अणुयुद्धाच्या भीतीने घराच्या तळघरात आसरे बांधायची लाट आली, आणि आसऱ्याच्या दाराशी आलेल्या शेजाऱ्याला आत घ्यावे की बंदूक रोखावी यावर तेव्हा गंभीरपणे वाद झाले. पुस्तिका त्या दुसऱ्या परंपरेतील आहे. पुरात आमच्या गल्लीत दिवा मुद्दाम लावतात, कारण बोटवाल्याला घर दिसायला हवे. २०१९ मध्ये आम्हाला माडीवरून काढणारे तालमीतील तरुण होते. कोल्हापूरची व्हाईट आर्मी ही स्वयंसेवी बचाव संघटना, एनडीआरएफ आणि लष्कराची पथके जिल्ह्यात अहोरात्र फिरत होती, आणि बोट नाही तिथे गुऱ्हाळाची काहील, म्हणजे गुळाची मोठी कढई, पाण्यात सोडून पोरांनी म्हातारी माणसे पलीकडे नेली. धान्य लपवणाऱ्या घराकडे काहील आधी गेली असती की नंतर, हे पुस्तिकेच्या लेखकाने सांगावे.

आमच्याच गावात एका ओळखीच्या गृहस्थांनी २०२० च्या टाळेबंदीनंतर सहा महिन्यांचा तांदूळ आणि डिझेलचे चार कॅन घरात साठवले होते. तांदळात टोके झाले, आणि डिझेल माजघरात चुलीच्या भिंतीला लागून होते हे कळल्यावर त्यांच्या सुनेने माहेर गाठले. २०२१ च्या जुलैत हेच कुटुंब सर्वांत शेवटी बाहेर पडले, कारण एवढा साठा सोडून जायला त्यांचे मन धजेना.

पूरपट्ट्यातील तयारीत वस्तूंपेक्षा आकडे आधी येतात. पंचगंगेची कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. कृष्णेची सांगलीच्या आयर्विन पुलावरची अनुक्रमे ४० आणि ४५. २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि राजाराम बंधाऱ्यावर २०१९ व २०२१ अशा दोन्ही वर्षी ५५ फुटांच्या वर. ही दोन्ही ठिकाणे आमच्या वरच्या अंगाला असल्यामुळे आकडा आधी तिथे दिसतो, पाणी नंतर इथे येते. नृसिंहवाडीला दत्ताच्या मंदिरात दक्षिणद्वार झाले, म्हणजे नदीचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले, की बाहेरचे भाविक स्नानाला येतात आणि आमच्याकडे म्हशींची दावी तपासली जातात. २०२१ मध्ये पाण्याने इशारा पातळी गाठण्याआधीच आम्ही जनावरे माळावरच्या पाहुण्यांकडे हलवली, आणि त्या एका निर्णयाने वडील मुकाट्याने ट्रॅक्टरमध्ये बसले.

या संचात जी वस्तू असायलाच हवी होती आणि नाही, ती म्हणजे लाइफ जॅकेट. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गाव सोडणाऱ्या माणसांनी भरलेली बोट उलटली आणि त्यात अनेकांचा जीव गेला. त्या बातमीनंतर आमच्या ग्रामपंचायतीत पहिला ठराव जॅकेटचा झाला. गॅस मास्कच्या जागी एक बरे जॅकेट दिले असते तर किंमत फार बदलली नसती, आणि मी या खोक्याला दोनऐवजी चार तारे दिले असते.

मास्क, गोळ्या आणि पंप परत घ्यावेत म्हणून मी विक्रेत्याला लिहिले. सील फोडल्यावर वस्तू परत घेत नाहीत असे उत्तर आले. ज्यांना खरेदी करायचीच आहे त्यांनी रेडिओ-टॉर्च, शिटी आणि चंदेरी पांघरुणे सुटी घ्यावीत; ती तिन्ही मिळून मला इचलकरंजीत सुमारे बाराशे रुपयांत मिळाली असती. उरलेल्या पैशांत वीस मीटर नायलॉनची दोरी, मेडिक्लोर, ओआरएसची पाकिटे, सॅनिटरी पॅडचे दोन पुडे, घरातील औषधांचा पंधरा दिवसांचा साठा आणि एक जॅकेट बसते. १०० आणि ५० च्या नोटाही बाजूला ठेवाव्यात, कारण पुरात एटीएम बंद असते आणि वीज नसली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. नातेवाईकांचे क्रमांक आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक कागदावर लिहून कॅनमध्ये टाकावेत.

पंप मी हातोडीने फोडून टाकला, म्हणजे पुढे कोणी विश्वासाने वापरायला नको. शिटी आईच्या खाटेच्या गजाला बांधली आहे. हिरवी बॅग सध्या नातू शाळेला नेतो, आणि पाऊस असला की तिच्यावर खताचे रिकामे पोते पांघरतो.