वडगावच्या गच्चीवर ऑर्किड : १४ महिन्यांनंतरचा अनुभव, चुका धरून

१४ महिने झाले म्हणून आता लिहितेय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर सगळं गोड गोड झालं असतं, आणि यंदाच्या मे महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या आल्या असत्या. आता दुसरा पावसाळा अर्धा सरलाय, सहा झाडांपैकी चार जिवंत आहेत, त्यातली तीन बऱ्यापैकी खुशीत आहेत, तेव्हा जरा शांत डोक्याने सांगता येईल.

घर बेळगावात, वडगावला. गच्ची १५ बाय १२ची, पश्चिमेला सगळी उघडी, एका कोपऱ्यावर पत्रा. शेजारी माग चालतो, दिवसभर खटखट, त्याचा झाडांना काही त्रास नाही पण सुताचे रिकामे कोन फुकट मिळतात, त्याचं पुढे सांगते.

गेल्या वर्षी जूनमध्ये सहा झाडं घेतली. दोन फॅलेनॉप्सिस (पतंगासारखी फुलं येतात ती), दोन डेंड्रोबियम (ती जांभळी-पांढरी सोनिया, लग्नाच्या स्टेजवर असते ती), एक ऑन्सिडियम म्हणजे पिवळी नाचरी फुलं येतात ते, आणि एक वांडा. काही ऑनलाईन, काही नर्सरीतून. झाडांचे २६०० गेले. खोक्यातून डेंड्रोबियम निघाली तेव्हा सासूबाई चष्मा पुसून दोनदा बघून म्हणाल्या, "ह्या काटक्यांचं अडीचशे दिलीस काय गं?" खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याकडेही उत्तर नव्हतं, काटक्याच होत्या त्या.

आता मुद्द्याचं. व्हिडिओ मी भरपूर बघितले, पण ते सगळे केरळातले नाहीतर बेंगळुरातले नाहीतर थेट थायलंडचे. आपल्याकडचा घोळ असा की इथे ऑर्किडला एक हवामान नाहीच. बेळगाव साडेसातशे मीटरवर, उन्हाळा सोलापूरसारखा जाळत नाही, थंडी महाबळेश्वरसारखी गोठवत नाही, म्हणून आपण समजतो की ऑर्किड मस्त येणार. पण जून ते सप्टेंबर इथे काही म्हणजे काही सुकत नाही, टॉवेलसुद्धा दोन दिवस ओला, आणि फेब्रुवारीपासून पूर्वेकडचं कोरडं वारं सुटलं की ओलं काही राहत नाही. मी साडेतीनशेचा हायग्रोमीटर टांगलाय, हवेतली ओल टक्क्यांत दाखवतो तो. जुलैत काटा ९५च्या खाली यायला तयार नव्हता आणि मार्चच्या दुपारी त्याच भिंतीवर २२. एकाच झाडाला एकाच कुंडीत हे दोन्ही सोसायला लावायचं म्हणजे अवघडच की.

पहिला पावसाळा मी पूर्ण घालवला. झाडं आली होती त्या प्लास्टिकच्या कुंडीत, नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत, तशीच पत्र्याखाली ठेवली. पाऊस थेट लागत नव्हता म्हणून मी निर्धास्त. वर आणि कॅलेंडरवर टिक करून दर चार दिवसांनी पाणी घालत होते, का, तर व्हिडिओत सांगितलं होतं! ऑगस्टात एका फॅलेनॉप्सिसचं मधलं पान जरा पिवळं दिसलं म्हणून हात लावला तर अख्खा कोंबच हातात आला, खाली काळं आणि घाण वास. फॅलेनॉप्सिसचं हे लक्षात ठेवा, त्याला वाढायची जागा एकच, मधला शेंडा. तिथे पानांच्या बेचक्यात पाणी साचून कुजलं की बहुतेक वेळा खेळ खलास. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आणून मारलं पण ते मेल्यावर डॉक्टर बोलावल्यासारखं. दुसरं फॅलेनॉप्सिस उपसून बघितलं तर सोडण आतून चिखल झालेलं, निम्मी मुळं पोकळ, बोटाने ओढली की साल निघून नुसता दोरा हातात.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की किती पाणी घालतो हा हिशोबच चुकीचा, कुंडी किती वेळात सुकते ते बघायचं. ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखं एक आवरण असतं. कोरडं असलं की ते चंदेरी पांढरं दिसतं, पाणी मिळालं की हिरवं. ही झाडं रानात झाडाच्या फांदीवर बसतात, मुळं हवेत, पाऊस आला की भिजायचं आणि वाऱ्याने लगेच सुकायचं, अशी सवय. मुळं ओलीच राहिली तर गुदमरतात. आता मी कॅलेंडर बघत नाही, मुळं बघते. चंदेरी झाली की पाणी, हिरवी असतील तर हात मागे.

मग खानापूरहून भाजलेल्या मातीच्या कुंड्या आणल्या. खानापूरची माती आणि कौलं सगळ्यांना माहितीच आहेत. कुंभाराला सांगून बाजूनेसुद्धा भोकं पाडून घेतली, तो हसला, म्हणाला पाणी थांबणार नाही ओ त्यात, म्हटलं तेच पाहिजे. आठ कुंड्या, ६० रुपयाला एक. आत फुटक्या कौलांचे सुपारीएवढे तुकडे आणि इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा, बाकी काही नाही. आणि मधोमध मागाचा तो रिकामा प्लास्टिकचा कोन उलटा ठेवला, भोकं पाडून, म्हणजे कुंडीच्या पोटातसुद्धा हवा खेळते. ही आयडिया शेजारच्या मागवाल्याची नाही हां, माझीच, पण तो सगळ्यांना स्वतःची म्हणून सांगतो. उरलेलं फॅलेनॉप्सिस लोखंडी स्टँडवर तिरकं ठेवते, पानं खाली झुकतील असं. रानात ते फांदीवरून असंच लोंबतं, त्यामुळे बेचक्यात पाणी थांबत नाही. तिरकं केल्यापासून कुजणं बंद झालं. एवढी एक गोष्ट पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती तर साडेपाचशे वाचले असते.

हिवाळा मात्र आपला. नोव्हेंबर-डिसेंबरात इथे रात्री १४-१५ पर्यंत उतरतं, आणि फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढायला रात्रीचा गारवा काही आठवडे लागतोच. किनारपट्टीवरच्या लोकांना त्यासाठी खटपट करावी लागते, आपल्याला खिडकी उघडी ठेवली की झालं. डिसेंबरच्या मध्याला मुळासारखं काहीतरी बाहेर आलं, मला वाटलं मूळच, पण टोक चपटं, बिनबोटांच्या हातमोज्यासारखं. दांडा! मार्चच्या पहिल्या आठवड्यात पहिलं फूल उमललं आणि मेच्या मध्यापर्यंत टिकलं. सात फुलं. सासूबाईंनी शेजारपाजारच्या सगळ्या काकूंना वर आणून दाखवलं, काटक्यांचा विषय त्या दिवसापासून बंद. डेंड्रोबियमला मात्र तीच थंडी सोसत नाही, डिसेंबरात त्यांची पानं पिवळी पडून गळायला लागली, मी घाबरून जास्त पाणी घातलं (चूक), नंतर रात्री आत घ्यायला लागले आणि पाणी आठवड्यातून एकदाच, तेव्हा सावरली. काटकी हिरवी आणि टणक असेल तर पानं गेली तरी झाड मेलेलं नसतं, फेकू नका.

आता खरा शत्रू, फेब्रुवारी ते मे. कौल-कोळशाची कुंडी पावसाळ्यात देवासारखी, पण मार्चात सकाळी घातलेलं पाणी दहा वाजेपर्यंत गायब. दुपारी स्प्रे मारत होते, दहा मिनिटांत पानं कोरडी, नुसता मनाला दिलासा. मग वाचलं की फॅलेनॉप्सिससारखी झाडं पानांची छिद्रं रात्री उघडतात, दिवसा उन्हात मिटून घेतात, पाणी वाचवायला, निवडुंगासारखं. म्हणजे त्यांना हवेत ओल पाहिजे ती रात्री. तेव्हापासून संध्याकाळी सहाला गच्चीची फरशी भिजवते, कठड्यावर ओलं गोणपाट टाकते, आणि कुंड्यांखाली ट्रेमध्ये खडी आणि पाणी, कुंडीचं बूड पाण्याला न टेकेल असं. पानांवर रात्री पाणी नाही, फक्त आजूबाजूला. काटा २२ वरून पन्नाशीपर्यंत यायचा. फुकटातला उपाय आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा.

वांडा या काळात गेली. ती लाकडी टोपलीत, मुळं उघडी, खाली काहीच नाही, मार्चात तिला दिवसातून दोनदा बादलीत बुडवावं लागायचं. निपाणीला लग्नाला चार दिवस गेलो, ह्यांच्या भाच्यावर जबाबदारी टाकली होती, आल्यावर मुळं सुतळीसारखी. खालून एकेक पान गळत मेमध्ये संपली. ७०० रुपये. माझं मत स्पष्ट आहे, घरात दिवसभर कुणी नसेल तर बेळगावात वांडाच्या नादी लागू नये, आणि अथणी-चिक्कोडीच्या कोरड्या भागातल्यांनी तर तिचा फोटोच बघावा.

नणंद जांबोटीला असते, घाटातल्या रानाच्या बाजूला, इथून तीसेक किलोमीटर. तिच्याकडे सगळंच वेगळं. मार्चातही पहाटे दव, दारातल्या आंब्यावर सीतेची वेणी आपोआप आलेली, कानडीत तिला सीताळे दंडे म्हणतात. जूनच्या सुमारास गुलाबी-पांढरे तुरे हातभर लोंबतात, त्याला ना कुणी खत घालतं ना हायग्रोमीटर लावतं. वांडा मेल्याचं सांगितल्यावर ती म्हणाली, "वहिनी, इकडं आणून ठेवायची की ओ, मी काय नको म्हणाले असते?" आता सुचून काय उपयोग. पण म्हणून कुणी तिकडच्या रानातून सीतेची वेणी उपटून आणू नका. रस्त्यावर विकायला दिसली तरी घेऊ नका, रानातून उपटलेली इथे गच्चीत बहुतेक वेळा टिकत नाही. आपण पैसे दिले की तो उद्या अजून दहा उपटतो.

कुंडीच्या प्रश्नावर माझा तोडगा असा, वर्षातून दोनदा कुंडी बदलायची नाही, मुळं दुखावतात. खालचा कौल-कोळसा कायम. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की वरून सोडणाच्या तुकड्यांचा दोन बोटं थर द्यायचा, आणि मृगाच्या आधी तो उचलून टाकायचा. गोधडी घालायची आणि काढायची, एवढंच. यंदा जूनमध्ये काढली आणि या पावसाळ्यात आजतागायत एकही मूळ कुजलं नाही. लाकूड वाजवते.

पाण्याचं पण सांगायला पाहिजे. आमची बोअर जड, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) सातशेच्या आसपास, दोन महिन्यांत कुंडीवर पांढरा थर आणि मुळांची टोकं करपलेली. पत्र्याच्या पागोळ्यांखाली २०० लिटरचा ड्रम लावला, वर फडकं बांधून, नाहीतर डास. ते पाणी डिसेंबर संपेपर्यंत पुरलं. पुढे आरओचं गोडं पाणी आणि बोअरचं निम्मं-निम्मं. आरओतून वाया जाणारं पाणी घालू नका, त्यात क्षार अजून जास्त. खत म्हणाल तर ऑर्किडचं चित्र असलेल्या छोट्या महाग बाटल्या मी बंद केल्या. शेतकी दुकानात १९:१९:१९ मिळतं, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुवून काढायची.

ऑन्सिडियमबद्दल फार लिहीत नाही, ते रुसकं आहे. पाणी कमी पडलं की नवीन पान चुण्या पडलेलंच येतं, जपानी पंख्यासारखं, आणि त्या चुण्या नंतर कितीही लाड केले तरी जात नाहीत. माझ्या झाडावर मार्च-एप्रिलचा हिशोब असा पानावर छापून राहिलाय. फूल अजून नाही.

बाकी त्रास, गोगलगायी. पावसाळ्यात रात्री दहाला टॉर्च घेऊन वर गेलं की मुळांची कोवळी टोकं खाताना सापडतात, वेचून टाकायच्या, औषधापेक्षा हे बरं. एप्रिलच्या वळवात गारा पडून ९०० रुपयांची, ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट एका बाजूने फाटली, ती मी मागाच्या सुताने शिवली. आणि ऑनलाईन ऑर्किडच्या बिया म्हणून पाकिटं विकतात ती घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठाच नसतो, रानात एका बुरशीच्या मदतीने रुजतं. १९२२ मध्ये नडसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या अगारवर बुरशीशिवाय रुजवून दाखवलं, तेव्हापासून प्रयोगशाळेत बाटलीत रोपं करतात. कुंडीत पेरून येत नाही. ह्यांच्या त्याच भाच्याने मागवल्या होत्या, मेथीसारखं काहीतरी उगवलं, सासूबाईंनी एक पान चावूनही बघितलं.

झाडं, कुंड्या, नेट, ड्रम, मीटर, खत मिळून साडेपाच हजारांच्या वर गेले. परत सुरू केलं असतं तर चार डेंड्रोबियम आणि एक फॅलेनॉप्सिस, बस. डेंड्रोबियमला वर्षभर चूक माफ आहे, यंदा जुलैपासून दोन्हीवर मिळून तीन दांडे आलेत, एकावर अकरा कळ्या. मागावरचा कानडी कामगार रोज सकाळी कठड्यापलीकडून विचारतो, "अक्का, हूव बंदावेनऽरी?", म्हणजे फुलं आली का हो. काल दोन उमलली होती, पण वारं इतकं सुटलं होतं की त्याला बोलवायच्या आधी कुंडीच आत घ्यावी लागली.