नवी गाडी, ‘जळालेली’ क्लच प्लेट आणि माझे ५,६०० रुपये

मोटारसायकलच्या शोरूमचं नाव लिहिणार नाही. वकील मित्राने तंबी दिली आहे. पुण्यातलं आहे, काचेचं आहे, आत गेल्यावर कॉफी फुकट मिळते. एवढ्यावरून कुणाला ओळखता येणार नाही, कारण सगळी अशीच असतात.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. मी भोसरीच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. लोकांनी आणलेली बिलं तपासायची आणि त्यातली खोट काढायची, हे गेली सतरा वर्षं माझं काम आहे. हसायचं असेल तर हसून घ्या. ऑफिसात सगळ्यांचं हसून झालंय.

पाडव्याला १५० सीसीची गाडी घेतली. पहिल्या आठवड्यापासून न्यूट्रल सापडेना. सिग्नलला थांबलो की पहिल्यातून न्यूट्रल करायला पायाने टकटक चालू, मीटरवरचा न्यूट्रलचा हिरवा दिवा काही लागत नाही, जरा जोर दिला की थेट दुसरा पडतो. न्यूट्रलमधून पहिला टाकला की ‘खट्ट’ असा आवाज यायचा, की शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा. आणि क्लच पार मुठीत दाबून धरलेला असतानाही गाडी इंचभर पुढे सरकायची. धायरीहून भोसरी रोज, त्यात नवले पुलावरची गर्दी. डावा पंजा संध्याकाळी आखडलेला.

वडील बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातून रिटायर झाले. चेतकच्या जमान्यातला माणूस, गिअर डाव्या मुठीत असायचा तेव्हाचा. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “अरे, लिव्हर ढिली किती आहे? आधी केबल बघ.” मी म्हणालो, “बाबा, आता ते दिवस गेले, आता सगळं वेगळं असतं.” वेगळं काहीही नसतं. क्लचची तार तेव्हाही तारच होती आणि आजही तारच आहे.

पहिली सर्व्हिसिंग ६१२ किलोमीटरला झाली. तक्रार सांगितली. “नवीन गाडी आहे सर, गिअर बॉक्स सेट व्हायला हजार-दीड हजार किलोमीटर जातात.” यात अर्धं खरं आहे, म्हणून तर ते गळी उतरतं. नवी गाडी थोडी कडक असतेच. पण क्लच दाबलेला असताना गाडी ओढत असेल, तर तो गिअर बॉक्सचा नवखेपणा नाही. हे मला आता कळतंय.

८७० किलोमीटरला परत गेलो. ‘क्लच-गिअर सेटिंग’, ६५० रुपये. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी जैसे थे.

१,१४० किलोमीटरला तिसऱ्यांदा. सकाळी गाडी सोडली, दुपारी चारला फोन आला. “सर, क्लच प्लेट जळाल्यात. तुम्ही हाफ क्लचवर चालवता का?”

इथेच मला मारलं. कारण चालवतो ना, क्लच अर्धा दाबून! या शहरात कोण नाही चालवत? नवले पुलावर वीस मिनिटं इंच-इंच सरकताना माणूस दुसरं करणार काय? माझ्याच मनात चोर होता, त्यामुळे पुढचं सगळं मी मान खाली घालून ऐकलं. क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरकडे पोचवणारी चकती, झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही. हेही खरं, बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. आणि म्हणूनच यांना नेमका तोच भाग ‘खराब’ झालेला सापडतो. वॉरंटीत पार्ट बदलला तर जुना पार्ट कंपनीला दाखवावा लागतो. पैसे देऊन बदलला तर तो बघणारे फक्त तुम्ही. म्हणजे कोण, तर माझ्यासारखा गाढव.

संध्याकाळी घ्यायला गेलो. अॅडव्हायझरने आपणहून, मी न मागता, प्लास्टिकच्या पिशवीतून एक काळी पडलेली प्लेट काढून माझ्या हातात दिली. “बघा सर, काय हालत झालीये.” मी घेतली, उलटसुलट केली, मान हलवली, परत दिली. अंगात ऑफिसचा पांढरा शर्ट होता. घरी आलो, हात न धुता जेवायला बसलो असतो तरी चाललं असतं.

तेव्हाच कळायला हवं होतं! आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. इंजिन, गिअर आणि क्लच, तिघांना एकच ऑइल. त्याच दिवशी इंजिनातून काढलेली प्लेट ऑइलने निथळत असायला हवी. माझ्या हातात दिलेली प्लेट कोरडी ठणठणीत होती, वर धूळ होती. माझी बोटं काळीसुद्धा झाली नाहीत. कुणाच्या गाडीची होती आणि आजवर किती जणांच्या हातात गेली होती, देव जाणे. ती पिशवीतली प्लेट रात्री दोन वाजता डोळ्यासमोर येते.

दुसरी चूक काउंटरवर. बिल असं होतं: क्लच प्लेट सेट १,६८५, प्रेशर प्लेट ७४०, स्प्रिंग १६०, क्लच केबल २४५, गिअर शिफ्टर ओव्हरहॉलिंग ८५०, लेबर १,१५०, ‘कन्झ्युमेबल्स’ १२०. एकूण ४,९५०, टॅक्स धरून. बेरीज मी तोंडी केली, बरोबर आली, समाधान वाटलं. बेरीज! बिलात काय नाही ते बघायचं असतं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. गॅस्केट नव्हतं. गॅस्केट म्हणजे कव्हर आणि इंजिन यांच्यामधला ऑइल अडवणारा कागद. क्लचचं कव्हर उघडलं की जुनं गॅस्केट बहुतेक फाटतंच, नवं टाकावं लागतं. हा शंभर-सव्वाशेचा कागद बिलात नाही, म्हणजे कव्हरच उघडलेलं नाही. पण मागे रांग होती, पोरीच्या क्लासची वेळ झाली होती, यूपीआय केलं आणि निघालो. गॅस्केट म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हेही खरं. पण माहीत नाही तर विचारायला कुणी तोंड शिवलं होतं का?

चौथ्या दिवशी पुन्हा ‘खट्ट’.

यावेळी वडिलांनी काही विचारलं नाही. त्यांच्या ओळखीच्या नाना पेठेतल्या एका मिस्त्रीकडे स्वतः घेऊन गेले. मिस्त्रीने गाडी चालू केली नाही. क्लच लिव्हर दोन बोटांनी ओढली, मग खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली आणि लिव्हरच्या टोकाला लावली. तार ताणली जायच्या आधी लिव्हर फुकट किती जाते ते मोजलं: २८ मिलिमीटर. माझ्या गाडीच्या पुस्तकात १० ते २० लिहिलंय. तेच पुस्तक, जे मी पिशवीतून काढलंही नव्हतं.

त्याने जे सांगितलं ते माझ्या शब्दांत. लिव्हर फार ढिली असली की पूर्ण दाबूनही प्लेटा एकमेकींपासून नीट सुटत नाहीत. इंजिन चाकाला ओढतच राहतं. मग न्यूट्रल सापडत नाही, पहिला टाकताना खट्ट होतं, गाडी सरकते. माझं दुखणं हेच. प्लेट जळते ती उलट्या कारणाने: तार फार ताठ असली, किंवा हात कायम क्लचवर असला, की प्लेटा धड पकडत नाहीत आणि घसरतात. मग अॅक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, चढावर तर नाहीच. “साहेब, तुमची घसरत होती का कधी? कात्रजचा घाट चढताना?” नाही, कधीच नाही. म्हणजे त्यांनी सांगितलेला रोग माझ्या गाडीला नव्हताच. लक्षण एकीकडे आणि औषध दुसरीकडे, आणि मी दोन्हीचे पैसे भरले.

मग त्याने टॉर्च मारून उजव्या बाजूचं क्लच कव्हर दाखवलं. कारखान्यात बोल्ट आवळल्यावर त्यांवर पिवळ्या रंगाची रेघ मारतात. ती बोल्टवरून कव्हरवर सलग गेलेली असते, बोल्ट फिरवला की तुटते. माझ्या एकाही बोल्टची रेघ तुटलेली नव्हती. ‘नवीन’ केबलवर कारखान्याचा प्लास्टिकचा पट्टाही तसाच. मी म्हणालो, उघडूनच बघा. तो म्हणाला, “उघडलं तर तुमचा पुरावा मीच तोडला असं होईल.” शोरूममधल्या कुणापेक्षाही शहाणा माणूस. तारेचा ताण कमी-जास्त करणाऱ्या खालच्या अॅडजस्टरचं लॉक नट सुटं होतं. गाडीच्या थरथरण्याने सेटिंग आपोआप ढिलं पडत होतं. त्याने लिव्हरची ढिलाई नीट जुळवली आणि ते आवळलं. दहा मिनिटं, ८० रुपये. त्यानंतर आजपर्यंत न्यूट्रल एका टकटकीत पडतोय.

घरी येऊन पाडव्याच्या पूजेचे जुने फोटो उघडले. टाकीवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि बायको हळद-कुंकू लावतेय त्या फोटोत मागे क्लच कव्हर स्वच्छ दिसतंय. मोठं करून बघितलं. त्याच रेघा, त्याच जागी. तुम्ही नवी गाडी घेतली असेल तर आजच इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे असे फोटो काढून ठेवा, पूजा असो वा नसो.

आता पुढची वारी. मॅनेजर म्हणाला, “आमच्या जॉब कार्डवर पार्ट बदलल्याची नोंद आहे.” जॉब कार्ड म्हणजे गाडीवर काय काम केलं ते लिहायचा शोरूमचा कागद. नोंद कुणी केली, तर त्यांनीच. जुने पार्ट मागितले तर “स्क्रॅपमध्ये गेले.” त्यामुळे काम सुरू व्हायच्या आधीच जॉब कार्डवर लिहून घ्या, ‘जुने पार्ट ग्राहकाला परत द्यावेत’, आणि खाली त्यांची सही. नंतर मागून काही उपयोग नाही.

कंपनीच्या कस्टमर केअरला तीनदा फोन. प्रत्येक वेळी नवीन मुलगी, प्रत्येक वेळी अथपासून सांगायचं, आणि तिसऱ्या दिवशी मेसेज: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, कृपया रेटिंग द्या. रेटिंग! ग्राहकांसाठीची म्हणून एक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार टाकली. त्यांनी ती कंपनीला पाठवली, कंपनीने शोरूमला, शोरूमने जॉब कार्डची प्रत पाठवली आणि तीच प्रत फिरून माझ्याकडे आली. वर शेरा, ‘कंपनीने उत्तर दिले आहे’. चोराला विचारलं, त्याने नाही म्हटलं, फाइल बंद. पोलीस चौकीत गेलो तर तिथल्या साहेबांनी फोटो न बघताच सांगितलं, हे दिवाणी आहे. मग जरा थांबून, “पाच हजारासाठी कशाला डोक्याला ताप करून घेता?” न बदललेल्या पार्टचे पैसे घेतले हे दिवाणी कसं, ते मला अजून कुणी समजावलेलं नाही. पाच हजार कुणाला थोडे वाटत असतील तर त्याने ते मला द्यावेत.

राहिला जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि वकील लावायलाच पाहिजे असं नाही. पण तारखांना रजा माझीच जाणार, तो हिशेब मी अजून केलेला नाही.

आधी नोटीस दिली. ६५० अधिक ४,९५०, असे ५,६०० रुपये आणि स्पीड पोस्टचा खर्च. मिस्त्रीचे ८० रुपये त्यात धरलेले नाहीत, ते योग्य कामाचे गेले. पंधरा दिवसांची मुदत दिली आहे, आज नववा दिवस आहे, उत्तर नाही. तोवर रविवारी गाडी धुताना उजव्या बाजूला मी ब्रश लावत नाही, नुसतं पाणी सोडतो. त्या पिवळ्या रेघा जायला नकोत.