‘२१ दिवसांत गुणी कुत्रा’: माझे साडेएकतीस हजार कसे गेले

आमची तांबू गावठी आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली तेव्हा जेमतेम दीड महिन्याची होती. आठ महिन्यांची होईतो नुसती घोडी झाली. दार उघडलं की अंगावर उडी. माझ्या अंगावर मारली तर ठीक, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. एकदा आई भिंतीला धरून कशीबशी सावरली आणि त्याच रात्री मी मोबाईलवर ट्रेनर शोधायला बसलो. घाईत होतो, हे आधीच कबूल करतो.

जो सापडला त्याच्या जाहिरातीत मला हवं ते सगळं होतं. ‘फक्त बक्षीस, शिक्षा नाही’, ‘पॉझिटिव्ह पद्धत’, भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. पुण्याबाहेर मुळशीच्या बाजूला फार्महाऊस. कुत्रा २१ दिवस तिकडे राहणार आणि ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ शिकून परत येणार. फी २८ हजार, निम्मी आधी. शिवाय ‘किट’चे साडेतीन हजार: पट्टा, दोरी आणि गळ्यात बांधायचा एक लाल रुमाल.

“पहिले पंधरा दिवस भेटायला यायचं नाही सर, तुम्हाला बघून तिचा फोकस जाईल,” असं तो म्हणाला. मला पटलंही. पोरांना होस्टेलवर सोडताना असंच काहीतरी सांगतात.

जवळजवळ रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ यायचा. तांबू बसलेली, तांबू आडवी झालेली, तांबू उघड्या गेटसमोर न हलता थांबलेली. मी ते कौतुकाने नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकत होतो. मामा म्हणाला, “ही आपलीच का रे?” आता ते सतरा व्हिडिओ पुन्हा पाहिले की स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटते. बक्षिसाची पद्धत म्हणवून घेतात आणि सतरातल्या एकाही व्हिडिओत कुत्री काही खाताना दिसत नाही! शेपूट पायांत, कान मागे चिकटलेले, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय. एकात तर ती जांभई देते आणि मी आईला म्हणालो होतो, “बघ, रुळली ती तिकडे.” कुत्रं ताणाखाली असलं तरी जांभया देतं, हे मला खूप नंतर कळलं.

बाविसाव्या दिवशी तो तिला घेऊन आला. उडी नाही, भुंकणं नाही. येऊन दाराजवळच्या कोपऱ्यात बसली. आई म्हणाली, “किती शहाणी झाली गं बाई!” उरलेले १४ हजार मी तिथल्या तिथे पाठवले. जाताना त्याने बजावलं, “आठवडाभर रुमाल काढू नका सर, सवय झालीये तिला.”

तिसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह ‘टीं टीं’ वाजला आणि तांबू दिवाणाखाली. फरशीवर मूत. संध्याकाळी वॉशिंग मशीन वाजलं, पुन्हा तेच. मग मी ‘बस’ म्हणून हात वर केला, तर ती बसली, पण थरथरत, मान दुसरीकडे फिरवून. तेव्हा मी रुमाल सोडला. मानेवर शेजारीशेजारी दोन खपल्या, डाळिंबाच्या दाण्याएवढ्या.

डॉक्टरांना फार वेळ लागला नाही. शॉक कॉलरला (विजेचा झटका देणारा पट्टा) दोन धातूची टोकं असतात, ती कातडीला टेकलेली राहतात. पट्टा घट्ट बांधून तासन् तास ठेवला तर तिथे जखमा होतात. बऱ्याच कॉलरना आधी बीप वाजवायची सोय असते, मग करंट. पावलोव्हची घंटा आणि लाळ गाळणारा कुत्रा आपण सगळेच शाळेत शिकतो. तीच गोष्ट तांबूवर उलटी घडली होती. बीपनंतर काय येतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. बीप मायक्रोवेव्हचा आहे हे तिला कोण सांगणार?

आणि ते ‘शहाणपण’? १९६७ साली अमेरिकेत सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. ज्या कुत्र्यांना काहीही केलं तरी शॉक चुकवता येत नव्हता, त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे साधी बुटकी आडकाठी ओलांडून सुटका होत असतानाही प्रयत्नच केला नाही. पडून राहिले. आमच्या घरात जिचं कौतुक चाललं होतं ती कुत्री अशीच हात टेकून बसली होती.

ट्रेनरला फोन केला तर त्याचा आवाजही चढला नाही. “सर, आम्ही बॅलन्स्ड करतो. खाऊपण देतो, करेक्शनपण देतो. गावठी आहे ती, अल्फा कोण ते दाखवावं लागतं.” (ही ‘अल्फा’ची, म्हणजे कळपावर दादागिरी करणाऱ्या म्होरक्याची, कल्पना पिंजऱ्यात कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांना बघून निघाली. ती लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मीच या अभ्यासकानेच पुढे १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं. आमच्याकडे ही बातमी अजून पोचायची आहे.) मग त्याने फॉर्मचा फोटो पाठवला. ‘गरजेनुसार प्रशिक्षण साधने वापरली जातील.’ खाली माझी सही. वाचलं नव्हतं.

पोलीस चौकीवर हवालदारसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० यातला दंड वाचून दाखवला. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. “पन्नास रुपयांसाठी किती चकरा मारणार तुम्ही?” यात टोमणा नव्हता, काळजीच होती.

मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. माझी बाजू लंगडी पडतेय ती माझ्याच चुकीने. डॉक्टर पहिल्या दिवशी जे तोंडी बोलले ते मी लिहून घेतलं नाही. दहा दिवसांनी प्रमाणपत्र मागायला गेलो तोवर खपल्या गळून गेल्या होत्या. फोटो आहेत, पण घाईत काढलेले, धुरकट. तुमच्यावर अशी वेळ आली तर जखम दिसताक्षणी लेखी घ्या आणि फोटोत अख्खा कुत्रा येऊ द्या, नुसती मान नको. नोटीस गेल्यावर तो १० हजार परत द्यायला तयार झाला, मी वाईट रेटिंग काढून टाकायच्या अटीवर. मी नाही म्हणालो. तारीख पडलीये.

ट्रेनर म्हणून बोर्ड लावायला आपल्याकडे कुठलाही सरकारी परवाना लागत नाही, तेव्हा फ्रेममधल्या कागदाला फार किंमत देऊ नका. मी आता एकच प्रश्न विचारतो: कुत्र्याचं चुकलं तर तुम्ही नेमकं काय करता? नवीन ट्रेनर मॅडमनी उत्तर दिलं, “काही नाही. खाऊ मिळत नाही, आणि मी बघते की मी अवघड कुठे केलं.” त्या कुत्रा घेऊन जातच नाहीत. घरी येतात, आठशे रुपये तासाचे, आणि त्यातला अर्धा वेळ मला शिकवण्यात जातो.

पहिले दोन आठवडे त्यांनी काहीच शिकवलं नाही, नुसतं उकडलेलं बिनमिठाचं चिकन वाटाण्याएवढं तोडून तिच्यापुढे टाकत राहिल्या. ‘बस’ हा शब्द कायमचा बंद केला, तो नासला म्हणाल्या. आता आमच्याकडे ‘टेक’ म्हणतात. तुकडा नाकाजवळून हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर जाते, बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की त्याच क्षणी ‘हां!’ आणि लगेच तुकडा. उशीर झाला तर तोवर ती उठलेली असते, आणि बक्षीस उठण्याचं होतं. माझा हात सुरुवातीला कायम उशिरा जायचा. आईचा बरोबर पडतो, खुर्चीत बसल्या बसल्या. उडीवरही तोच उपाय: आई दारातून आत आली की तांबूचे चारही पाय जमिनीवर असतानाच तुकडे खाली फरशीवर टाकायचे. खाली मिळतंय म्हटल्यावर वर कशाला बघेल?

बीपसाठी मोबाईलवर तोच आवाज रेकॉर्ड केला. अगदी बारीक आवाजात एकदा वाजवायचा, मागोमाग चिकन. पुन्हा बीप, पुन्हा चिकन. आवाज वाढवायचा तो दिवसाला इतका थोडा की तिच्या कानाला कळू नये. सात आठवड्यांनी मायक्रोवेव्ह वाजला की ती आता ओट्याशी येऊन उभी राहते. वॉशिंग मशीनला मात्र अजून दिवाणाखाली जाते, म्हणून कपडे सध्या ती फिरायला गेल्यावर लावतो.